छोट्याला मारू नकोस

ताई,

तुला आणि दाजींना नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे. पत्राची सुरुवात अशीच करायची असते ना?

काल फोनवर माझा छोट्या सांगत होता, "आई, मला ताप आलाय. मावशी रडत होती." तेवढ्यात मोठीने फोन हिसकावला. "काही नाही गं, आम्ही मजेत आहोत!" पाठोपाठ तुझी चापट ऐकू आली. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

इथे मी मालकिणीचा मुलगा सांभाळते, तोही छोट्याएवढाच, चार वर्षांचा. परवा पाहुण्यांसमोर म्हणाला, "हिच्या हातांना फिनेलचा वास येतो." मालकिणीने त्याचा पापाच घेतला. किती खरं बोलतो म्हणे! इकडे खऱ्याला पापा, आपल्याकडे चापट. आणि मोठी जेमतेम नऊ वर्षांची, पण खोटं कसं सफाईने बोलते! माझ्यावर गेलीय.

ताप उतरला का? खरं सांग. दाजींचा खोकला?

छोट्याला मारू नकोस गं. आपल्या घरात खरं बोलणारा तो एकटाच उरलाय. शाळेत जायला लागला की होईलच शहाणा.

तुझी,
इकडे अगदी मजेत असलेली धाकटी बहीण