हसऱ्या चेहऱ्याखालची चिठ्ठी

मंगळवार, संध्याकाळ. बोईसर.

आज पुन्हा दर्शनाची चिठ्ठी हसऱ्या चेहऱ्याखालीच. वर्गाच्या भिंतीवर मी कागदाचे तीन चेहरे लावलेत: हसरा, रडका, रागावलेला. सकाळी आल्यावर मुलांनी आपल्या नावाची चिठ्ठी मनात असेल त्या चेहऱ्याखाली लावायची. दर्शना आठवडाभर हसरी, आणि चिठ्ठीचा कोपरा मात्र चावून चावून ओला. मला वाटलं, कुणीतरी चिठ्ठ्या हलवतंय. शेजारच्या वर्गाच्या बाईंवरही संशय घेतला, उगाच.

मधल्या सुट्टीत तिला एकटीला विचारलं, "खरंच बरं वाटतंय?"

"हाय ना बरं, बाई."

"मग कोपरा का चावतेस?"

तिने बाहीला तोंड पुसलं. मग म्हणाली, "रडक्याखाली लावली का तुमी आयला बोलावता. तिचं मावरं तसंच ऱ्हातं. मंग ती मला बोलते, शालेत थोबाड सरळ ठेव."

मागच्या महिन्यात बोलावलं होतं खरं. तिची आई दांडी गावाहून आली, विकायची माशांची टोपली बाहेर ठेवून अर्धा तास बसली. मी मायेने समजावत होते. तेव्हा स्वतःवर खूश होते का? होते.

मला पहिली चार वर्षं आईने घरीच शिकवलं. मी गप्प झाले की ती पाटी बाजूला सारायची, लसूण सोलायला द्यायची आणि शेजारी बसायची. विचारायची काहीच नाही.

उद्या दर्शनाला सांगेन, चिठ्ठी कुठेही लाव, घरी निरोप जाणार नाही. विश्वास ठेवेल? तिच्या जागी मी असते तर हसऱ्याखालीच लावली असती. कोपरा चावून.