परत आलेला डबा

मंगळवार, संध्याकाळ

कारखान्यातून येताना डॉक्टरांकडे गेले. त्यांच्या नैराश्य तपासायच्या फॉर्मवर विचारलं होतं, रडू येतं का? 'नाही' लिहिलं. खरंच येत नाही. कामावर जाता का? रोज जाते. ते म्हणाले, "ऑटिझम असून छान चाललंय की तुमचं." पुढे काही विचारलं नाही, म्हणून मीही सांगितलं नाही. उठून आले.

घरी आईनं डबा उघडला. "आजबी तसाच आणलाईस व्हय गं? उपास धरलाईस काय?"

कँटीनचा गोंगाट सोसत नाही, हे जुनंच. पण आता शांत जागी बसूनही झाकण उघडावंसं वाटत नाही. हे त्या जुन्यातच धरायचं, की वेगळं? फॉर्मवर डब्याचा प्रश्न नव्हता.

दिवसभर मी मोजमापाची साधनं तपासते. चुकीच्या साधनानं घेतलेलं माप कधी पास करत नाही. आज स्वतःचं मात्र पास केलं.

आईला सगळं सांगितलं. म्हणाली, "शुक्रवारी परत डॉक्टरांकडं जाऊ, मी येते. तुला बोलाय जमलं न्हाय तर मी बोलते."

या महिन्यात डबा किती वेळा परत आला, ते आठवून कागदावर लिहिलं. तेरा.

आईनं वाकून बघितलं. "चौदा," म्हणाली.