पाण्यानं कधी रान मेलंय व्हय?

तीर्थरूप मामंजी,

सूनबाईचा दंडवत. तुमच्यासमोर कधी तोंड वर करून बोलले नाही, आता कागदावर बोलते. कालव्याकडच्या पांढऱ्या पडलेल्या तुकड्यात शाळू उगवलाय! तिकडं कोण सांगणार तुम्हाला? म्हणून लिहायला बसले.

तुम्ही कोरडवाहू कळस गावचे. आभाळाकडं बघण्यात अर्धा जन्म गेला तुमचा. तिथलं जिराईत विकून कालव्याखाली रान घेतलंत, तेव्हापासून पाणी म्हटलं की तुम्हाला भान राहायचं नाही. कालव्याच्या पाण्याची पाळी आली की बांध बुडेस्तोवर पाणी, ऊस उभा चिखलात! "आज हाय, उद्या न्हाय. घ्या भरून," म्हणायचात. पाटकरी पाटाचं दार बंद करायला आला की त्याच्याशी भांडण ठरलेलं.

माझं माहेर बारामतीकडचं, कालव्यावरचंच. अती पाण्यानं आमची रानं खराब झालेली मी डोळ्यांनी पाहिली होती. सासूबाईंकरवी तुमच्या कानावर घातलं, तर केवढ्यांदा ओरडलात! "पाण्यानं कधी रान मेलंय व्हय? हिच्या माहेराला काय कळतंय!" माहेरावर कशाला घसरलात हो? चुलीपाशी बसून रडले मी. थोडा राग अजून आहे, लपवत नाही.

मग रानात मीठ फुटलं. ऊस पिवळा पडून जागीच बसला. तुम्ही ती पांढरी माती जिभेला लावून बघितलीत आणि भाकरीला शिवला नाहीत. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आलात. तोंड भिंतीकडं करून विचारलंत, "सूनबाई, तुज्या बापानं काय केलं व्हतं?"

अहो, साठी उलटलेला, पटकेवाला माणूस सुनेला विचारतोय! मी पदर आणखी पुढं ओढला आणि सगळं सांगून टाकलं. पाणी निचरायला चर खणा, पाणी कमी करा, खताला ताग पेरून हिरवाच गाडा. तुम्ही स्वतः कुदळ उचललीत. पारावर लोक हसले, तर म्हणालात, "माज्या सुनंनं सांगितलंय. हसा खुशाल!" हे कळलं त्या दिवशी मी ताठ मानेनं पाण्याला गेले.

तरी खरं सांगू? मला वाटायचं, जन्माची सवय ती, आज ना उद्या उसळी मारणारच.

शेवटच्या दिवशी तुम्ही माणसं ओळखत नव्हता. बाहेर कुणीतरी हाळी दिली, पाळी सुटली म्हणून. तुम्ही डोळे उघडलेत.

"आलं का पाणी?"

"आलं, मामंजी."

आता 'घ्या भरून' म्हणणार, असं धरूनच मी बसले होते. तुम्ही म्हणालात, "आपलं झालं. फुडच्याला सोडा."

किती चुकीचं ओळखलं मी तुम्हाला!

आता रानात पाण्याची दारं मीच धरते. शब्द देते मामंजी, रान ओलं झालं की पाणी पुढं सोडीन. आणि हे कुठं शिकलीस असं कुणी विचारलंच, तर माहेराचं नाव सांगणार नाही. तुमचं सांगेन.

तुमची सूनबाई,
हौसा