वकिलातीला कळवू नका

।। श्री गिरिजात्मज प्रसन्न ।।

निरगुडसर, १४ मार्च १९९९

ती. सुदर्शनदादास,
स्नेहलचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सारे खुशाल. माझी सुपारी फुटली, वैशाखातली तिथी धरली आहे. पावणे जुन्नरचे. नवरदेवाचं नाव अमृत, स्वतःचं गॅरेज आहे. सोयरिक जमवली आपल्या गावच्या पोलीस पाटलांनी, सयाजीमामांनी. नवरदेवाचे ते सख्खे मामा. त्यामुळे आपल्याकडे दूध उतू गेलं तरी जुन्नरला वास जातो.

सासूबाई धोंडाबाई कडक आहेत. बघायला आल्या तेव्हा, तुमच्यात कुणी कोर्टाची पायरी चढलंय का, हे आधी विचारलं आणि मला स्वयंपाक येतो का ते नंतर. आबांनी छातीवर हात ठेवून सांगितलं, की आमच्या दारात पोलीस कधी आला नाही.

परदेशातून यायचं तर रजा आत्ताच मागून ठेव. कानपिळी तुझ्यासाठी राखली आहे. होमाच्या वेळी नवरदेवाचा कान सख्ख्या भावानेच पिळायचा. जरा हलक्या हाताने पीळ म्हणजे झालं. एवढाले ट्रक वळवणाऱ्या माणसाच्या हातात त्यांचा कान राहायचा!

लोभ आहेच, तो घेऊन मांडवात ये.

तुझी,
स्नेहल


बंदरावरची कोठडी, २ एप्रिल १९९९

ती. गेणूभाऊस,
सुदर्शनचा सा. न. वि. वि.

या मुलखात माझं म्हणावं असं तू एकटा चुलतभाऊ, म्हणून तुला लिहितो. इथून सुटणाऱ्या एका मलबारी माणसाबरोबर चिठ्ठी धाडतो आहे. धक्क्यावर ट्रक मागे घेताना रखवालदार चाकाखाली आला. आरशात तो मला दिसलाच नाही. माणूस जागच्या जागी गेला रे. डोळे मिटले की तोच समोर येतो. आदल्या दिवशी गाडी लावण्यावरून आमची चारचौघांत बाचाबाची झाली होती, ती आता नडते आहे. त्यांच्या भाषेत लिहिलेल्या कागदावर माझा अंगठा घेतला. त्यात काय लिहिलंय देव जाणे.

इथला अंमलदार मात्र वाईट नाही. त्याने उर्दू येणाऱ्या शिपायाकरवी सांगितलं, की परमुलखातला माणूस धरला तर त्याच्या देशाच्या वकिलातीला कळवून घेण्याचा त्याला हक्क असतो, देशादेशांनी तसा करार केला आहे. तर कळवू का? मी नको म्हणालो.

रागावू नकोस. वकिलात पत्ता पडताळायला कागद पुण्याला धाडणार, तिथून तो आंबेगावात आणि शेवटी पोलीस पाटलाच्या हातात. म्हणजे नवरदेवाच्या मामाच्याच हातात. मग झालं स्नेहलचं लग्न! तिचं एकदा पार पडू दे, माझं मी निस्तरतो. घरी एवढंच कळव, की कंपनी रजा देत नाही. तुला आबांची शपथ आहे.

तुझ्या मायेवर भिस्त ठेवून आहे.

सुदर्शन


कामगार कॅम्प, २१ सप्टेंबर १९९९

चि. सौ. स्नेहल हिस,
गेणूभाऊचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या सासूबाईंच्या हाती पडू नये म्हणून हे पत्र मुद्दाम जावईबापूंच्या गॅरेजवर टाकतो आहे. पोरी, आधी खाली बस आणि मग वाच. सुदर्शनला रजा मिळाली नाही हे खोटं होतं. तो मार्चअखेरपासून तुरुंगात आहे. त्याच्या ट्रकखाली माणूस मेला. सोबत त्याने लिहिलेली चिठ्ठी ठेवली आहे, ती वाचलीस की वकिलातीला तो नको का म्हणाला ते तुला कळेल.

अंगठा घेतलेल्या कागदात, भांडणाच्या रागाने मुद्दाम गाडी घातली, असं लिहिलं होतं. कुणी वाचून दाखवलं नाही, मग वकील कुठला आणि दुभाष्या कुठला? कोर्टाने देहांत शिक्षा दिली आहे.

त्या दिवशी मी शपथ मोडली आणि वकिलात गाठली. तिथला साहेब तुरुंगात त्याला भेटायलाही गेला. तर हा पठ्ठ्या त्यालाही नको म्हणाला. माणूस स्वतः नको म्हणाला तर वकिलातीला त्याच्यासाठी पाऊल उचलता येत नाही, असा कायदा आहे. साहेब म्हणाला, त्याचा पासपोर्ट हाताशी आहे, पत्ता पडताळायला गावात कागद जायची गरजही नव्हती. मी ते सांगितलं, तर सुदर्शन म्हणतो, सरकारी कागद गावात फिरल्याशिवाय राहतो व्हय? तवा लगीन मोडलं असतं, आता नांदती पोर घरी धाडतील.

अपिलाची मुदत पुढच्या महिनाअखेर संपते. त्याने सही केली तर वकील मिळेल, तो कागद खोटा म्हणता येईल. मी डोकं आपटून थकलो. त्याने ऐकलं तर तुझंच ऐकेल.

तुझा दुर्दैवी भाऊ,
गेणू


निरगुडसर, १६ ऑक्टोबर १९९९

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

वरचा पत्ता नीट वाच. जुन्नर नाही, निरगुडसर.

घटस्थापनेला सासरची सगळी जमली होती, सयाजीमामाही होते. मी उभी राहिले आणि सांगितलं, की माझा भाऊ परदेशात तुरुंगात आहे, त्याच्यावर खुनाचा आळ आहे आणि त्याने खून केलेला नाही. मामा म्हणाले, पोरी, खाली बस, लोक ऐकत्यात. मी म्हणाले, ऐकू देत. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी माझी बॅग भरली. खुन्याच्या भनीच्या हातचं पाणी आमी पित न्हाई, म्हणाल्या.

हे स्टँडपर्यंत बॅग घेऊन आले. थांब म्हणाले नाहीत, जा म्हणाले नाहीत. मला त्यांचाही राग आला. लग्नात होमाच्या वेळी दुसरा एक भाऊ पुढे झाला, तर ह्यांनी हसत कान झाकला होता, हा तुझ्या दादाचा मान म्हणून. एसटी सुटताना खिडकीशी येऊन एवढंच बोलले, की कान अजून तसाच हाय, त्याला सांग.

आबांनी जेवण टाकलं होतं. काल पहिल्यांदा भाकरी मोडली आणि म्हणाले, त्याला लिव्ह, आब्रूचं माझं मी बघतो, तू सही कर. आई देवघरातून उठतच नाही.

मला न विचारता माझ्या संसारासाठी जीव द्यायला निघालास, याची मला भयंकर चीड आली आहे, दादा. तू जे झाकत होतास ते मी चारचौघांत उघडं केलं. आता पोलीस पाटलाने कागद चावडीवर मोठ्याने वाचला तरी आपलं काही जायचं राहिलेलं नाही. गेणूभाऊ वकिलातीच्या साहेबांना पुन्हा घेऊन येईल. तेव्हा नको म्हणायला तुझ्याकडे कारण उरलेलं नाही, एवढं ध्यानात ठेव.

शेवटी, लोभ असावा, असं लिहायची रीत आहे. पण लोभ ठेवायला माणूस लागतो. सही कर.

तुझीच,
स्नेहल