मुदत दहा दिवस

५ जानेवारी
लातूरला रुजू झाले. नांदेडहून गाडी वेळेवर सुटली, वेळेवर पोहोचली. कॉलेजातली मैत्रीण उज्वला इथली प्रमुख, तिनेच बोलावले. आमची ऑपरेटिंग सिस्टीम आडत दुकानांच्या संगणकांवर चालते. प्रत्येक जातीच्या डिस्कशी बोलायला तिच्यात एक छोटा प्रोग्राम असतो, ड्रायव्हर. कित्येक डिस्क केव्हाच भंगारात गेल्या, त्यांचे ड्रायव्हर मात्र तसेच पडून आहेत. ते काढणे हे माझे काम. उज्वला म्हणाली, हे तुझ्याबिगर कुणाच्यानं होणार न्हाई, तुला दयामाया कुठंय. दोघी हसलो. खोली स्वच्छ आहे, खिडकी पूर्वेला. लेकीला, ऋतुजाला, फोन करून सांगितले, आईची काळजी करू नकोस.

८ जानेवारी
पद्धत अशी: ड्रायव्हरच्या माथ्यावर ‘देखभाल’ म्हणून कुणाचे तरी नाव आणि ईमेल असते. त्याला विचारायचे, अजून वापरात आहे का. महिनाभर उत्तर आले नाही तर काढून टाकायचे. महिना म्हणजे निव्वळ आळस. मी मुदत दहा दिवसांवर आणली. उज्वला जरा घुटमळली, मग सही केली. उदगीरच्या संगमेश्वरला आणि धर्माबादच्या व्यंकटीला पत्रे गेली. व्यंकटी लई बोलका, त्याचा फोन घेतला की जेवण थंड होतंय, असे उज्वला सांगत होती.

१९ जानेवारी
उत्तर नाही. दोन्ही काढले. अडीच हजार ओळी कमी झाल्या. यापुढे मुदतीच्या दिवशी चार वाजता मशीनच काढेल, अशी सोय केली. थांबवायचे असेल तर दोघींची मंजुरी लागेल.

२० जानेवारी
व्यंकटीचे उत्तर आज आले. ‘बाई, मी वापरून राहिलो. काढू नका. कालपासून घरचे वळखंनात.’ मुदत संपली, असे मी कळवले. उज्वलाला सांगितले तर म्हणे, कोण व्यंकटी? संगमेश्वरही तिला माहीत नाही. असली थट्टा मला खपत नाही, हे तिला ऐकवले.

२२ जानेवारी
व्यंकटीच्या घरी फोन लावला. कावेरीबाईंनी उचलला, जुन्या पत्रव्यवहारात त्यांचा उल्लेख त्याची पत्नी म्हणून आहे. म्हणाल्या, असं कुणी न्हाई हितं. माझं लगीनच झालं न्हाई, बाई. मग थांबून म्हणाल्या, पण दोन ताटं का वाढून राहिले, कळंना.

२३ जानेवारी
दोन्ही ड्रायव्हर परत घातले. मशीनने मुकाट घेतले. पुन्हा फोन केला. कावेरीबाई तेच बोलल्या — आता ताट मात्र एकच वाढतात.

२४ जानेवारी, सकाळ
आजच्या यादीत एकच ड्रायव्हर. जुन्या टेपचा. कॉलेजात उज्वलाने आणि मी मिळून लिहिलेला. देखभाल: राजकन्या. फक्त मी. तिने स्वतःचे नाव २ जानेवारीला खोडले आहे. मी यायच्या तीन दिवस आधी. विचारणेचे पत्र १४ तारखेला तिनेच पाठवले — कॉलेजच्या पत्त्यावर, जो वीस वर्षांपूर्वी बंद झाला.

दुपार, दोन
तिला विचारले. नजर खाली गेली नाही. डिसेंबरात हणमंतराव म्हणून एकाचा ड्रायव्हर तिने काढला तेव्हाच कळले, म्हणाली. काढणाऱ्यालाच तो माणूस आठवतो, बाकी कुणाला नाही. माझी पोरगी शाळेत हाय, तुझी कमावती झाली, म्हणाली. महिन्याच्या मुदतीत केव्हातरी सांगणार होते गं, दहा दिवस तूच केलेस.
मंजुरी मागितली. दिली नाही. सगळ्या याद्या मीच साफ कराव्यात म्हणून बोलावले — आणि माझी —

तीन पन्नास
तिने स्वतःच्या हाताने काढले असते तर निदान तिला तरी — मशीन काढणार. म्हणजे कुणालाच —

चार वाजून पाच
ऋतुजाने फोन उचलला. काकू, चुकीचा नंबर लागला, म्हणाली. किती नीट बोलली —

चार वीस
उज्वला दारात आली. हसली. आपण कोणाकडे आलात, म्हणाली. आपण. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा. खुर्ची दिली, पाणी दिले. डोळ्यांत काही नाही — दगा केल्याचेही नाही. मी आता जाब कुणाला —