खुर्चीवरची पिशवी

अण्णा,

तुमचा राग यावा की अभिमान वाटावा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, मी स्वतः आजी झाले, तरी ते एक प्रकरण डोक्यातून जात नाही. तुमच्या शोकसभेत परळचे लोक एकामागून एक उठून सांगत होते, आमच्या इस्पितळात नर्स आल्या त्या अण्णांमुळे. मी मान डोलावत होते. आई शेजारीच बसली होती. तिने मान डोलावली नाही.

संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत तुम्ही निवडून आलात तेव्हा आपली लालबागची चाळ आठवडाभर झोपली नसेल. गिरणीच्या ऑफिसातला कारकून नगरसेवक झाला, याचंच सगळ्यांना अप्रूप. त्यात तुम्हाला इस्पितळांच्या कमिटीवर घेतलं आणि तुम्ही घरातून जवळजवळ नाहीसेच झालात. जागा मंजूर असून नर्सा का नाहीत, कागदावर दिसणारी माणसं वॉर्डात का दिसत नाहीत, हे तुमचे प्रश्न आम्हाला पाठ झाले होते. प्रश्न खरेच होते. त्यात मला आजही शंका नाही.

पण शेजारच्या खोलीतली मावशी त्याच इस्पितळात नर्स होती, आणि तिला तुम्ही एकदाही काही विचारलं नाहीत. मालवणकडची, लवकर विधवा झालेली, आंधळ्या आईला घेऊन राहणारी. माझी वेणी तीच घालायची, आणि घालता घालता वॉर्डातल्या गोष्टी सांगायची. दुपारी बायकांच्या दोन वॉर्डांना मिळून ती एकटी असायची. एका वॉर्डातून दुसऱ्यात जाताना ती आपली पिशवी खुर्चीवर ठेवून जाई. पिशवी दिसली की बायकांना कळायचं, बाई पलीकडे आहेत, जोरात हाक मारायची. सगळ्या नर्सा असंच करायच्या. मला ठाऊक होतं, आईला ठाऊक होतं. तुम्ही घरात असता तर तुम्हालाही कळलं असतं.

तुम्ही न कळवता दुपारी त्या वॉर्डात गेलात. खुर्ची रिकामी, वर पिशवी. खाटेवरच्या एखाद्या बाईला विचारलं असतंत तरी तिने सांगितलं असतं. पण तुम्हाला पुरावा सापडला होता. सभागृहात तुम्ही म्हणालात, "इथे नर्सांच्या पिशव्या ड्यूटी करतात, नर्सा कुठे असतात ते देवाला ठाऊक!" सगळं सभागृह हसलं म्हणे. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात आलं. तुम्ही चहा पिता पिता आईला मोठ्याने वाचून दाखवताय, मी स्टोव्हपाशी बसले आहे. आई उठते, खुंटीवरची पिशवी काढते, ज्यातून तुम्ही रविवारी मासळी आणायचात ती, हिरवी, फुलाफुलांची.

"अशी होती का हो?"

"अगदी अशीच," तुम्ही हसत म्हणालात.

"एकाच कटपीसातून दोन शिवल्या होत्या मी. एक आपल्याला, एक मावशीला."

तुमचा चेहरा त्या वेळी कसा झाला ते मी पाहिलं, अण्णा. त्या चेहऱ्यामुळेच मला तुमच्यावर धड रागावताही येत नाही.

तोवर मावशी सस्पेंड झाली होती. दोन वॉर्ड एकटीने बघायला तिला सांगितलं होतं ते तोंडी. आता इस्पितळाचे साहेब विचारत होते, कुणी सांगितलं तुम्हाला, दाखवा हुकूम. तुम्ही तसेच चपला घालून इस्पितळात गेलात. परत येऊन आईला हळू आवाजात सांगत होतात, पण एका खोलीत काय लपतंय. साहेब म्हणे गोड हसले. "तुमच्याच तक्रारीवर कारवाई केली, आता तुम्हीच वशिला लावायला आलात?" वशिलेबाजीविरुद्ध घसा फोडणारे तुम्ही. आल्या पावली परत फिरलात.

आई म्हणाली, "मग सभागृहात सांगा, माझी चूक झाली म्हणून."

"नव्या जागांचा ठराव यायचाय. आता मी चुकलो म्हटलं की ते म्हणतील याचं सगळंच खोटं. ठराव बुडेल गं."

"आणि ती बुडाली ती?"

ठराव आला, तुम्ही पुन्हा कडाडून भाषण केलंत, जागा मंजूर झाल्या. त्या वॉर्डांना दोन नव्या नर्सा मिळाल्या. मावशीला कामावर परत घेतलं नाही. ती आपल्या आंधळ्या आईला घेऊन गावी गेली. जायच्या दिवशी मी रडून घर डोक्यावर घेतलं, तुम्हाला नाही नाही ते बोलले. तर तिनेच मला गप्प केलं. "अण्णांनी खोटा काय सांगल्यानी? खुर्ची रिकामीच होती मगे." ती खरंच तसं मानत होती की माझी समजूत घालत होती, हेही मला कधी कळलं नाही. तुम्ही भेकड होतात, की दोन वॉर्डांतल्या बायका एका पारड्यात आणि मावशी दुसऱ्या पारड्यात घालून तुम्ही निर्णय घेतलात? तुम्ही होतात तोवर विचारलं नाही. धीर झाला नाही.

आज लिहायला बसले त्याला कारण आहे. आमचे हे पंधरा दिवसांपासून सरकारी इस्पितळात आहेत. परवा वॉर्डात एक पुढारी आले, मागे मोबाइल घेतलेली पोरं. नर्स कुठे आहे, म्हणून आवाज चढवत होते. प्रश्न खरा होता. ती मुलगी सकाळपासून आमच्याकडे फिरकली नव्हती, यांचं सलाइन मीच घाबरत घाबरत बंद केलं होतं. त्यांनी मला विचारलं, "आजी, तुम्ही सांगा, न घाबरता." मला तुम्ही दिसलात, मावशी दिसली, काही सुचेना. मी म्हटलं, "आत्ताच इथून गेली हो." ते पुढच्या वॉर्डात निघून गेले.

हे पत्र टाकायचं कुठे, ते मला माहीत नाही, आणि पत्ता असता तरी टाकलं नसतं. तुमची बाजू घेतली की तुमच्याविरुद्ध गेले, काहीच कळत नाही. संध्याकाळी ती मुलगी यांच्या खाटेपाशी आली आणि माझा हात धरून थँक्यू म्हणाली. खरं सांगते अण्णा, मला तिचा फार राग आला.