पट्ट्यावरचा हिरवा दोरा

प्रिय बाबा,

फोन केला की तू 'बरी आहेस ना, घे, आईशी बोल' एवढं म्हणतोस आणि फोन तिच्या हातात देऊन मोकळा होतोस. म्हणून पत्र. पत्र असं मधेच दुसऱ्याच्या हातात देता येत नाही. तेव्हा खुर्ची खिडकीशी ओढ आणि शेवटपर्यंत वाच, कारण माझं डोकं सध्या फिरलंय. निम्मं फिरलंय ते बाळाला अंगाशी बांधायच्या कॅरिअरमुळे. उरलेलं निम्मं तुझ्यामुळे. माझी लेक ठकी आता मान धरते, ओळखीचं हसते, अख्ख्या गल्लीने तिला कडेवर घेऊन झालं, आणि तिच्या सख्ख्या आजोबाने तिला अजून एकदाही उचललेलं नाही. त्यावर मी येणारच आहे, पळून जाऊ नकोस.

आधी कॅरिअरचं सांगते. माझ्या पायाला भिंगरी म्हणून तू माझं नावच भिंगरी ठेवलंस, आणि लग्न करून मी पडले ती भिंगऱ्यांच्याच घरात. सासूबाई रोज सकाळी तळ्याभोवती अशा चालतात की त्यांच्या मैत्रिणी मागे धापा टाकत येतात. नवरा कामावरसुद्धा सायकलने जातो आणि सुट्टीच्या दिवशी टेकडी चढला नाही तर त्याचं अन्न पचत नाही. नणंद फिजिओथेरपिस्ट. ती पोहते, पळते, आणि उरलेल्या वेळात आम्ही सगळे कसे चुकीचे बसतो ते सांगते. बाबागाडी घेतली होती, पण आमचा जिना हा असा उभा, आणि तळ्याकाठची वाट म्हणजे नुसते दगड. गाडीत बसून ठकीचे दात यायच्या आधीच खिळखिळे झाले असते. त्यामुळे कॅरिअर हवं यावर घरात एकमत झालं. त्यानंतर कशावरच झालं नाही.

पहिलं नवऱ्याने आणलं. तू दुकानाचा रंगवलेला मोठा बोर्ड टांगायला घ्यायचास तसला सांगाडा, वर ऊन लागू नये म्हणून छप्पर, बाजूला पाण्याच्या बाटलीचा खिसा, छत्रीचा खिसा, आणखी कसले कसले खिसे. सगळ्याची सोय होती, फक्त बाळाची नव्हती. ते नीट बसायला लागलेल्या मुलांसाठी असतं. ठकीला ठेवली तर ती हळूहळू आत आत जात दिसेनाशी झाली आणि वर फक्त जावळ राहिलं. नवरा म्हणतो, मोठी होईल ना. अरे, मोठी होईल तेव्हा ती स्वतःच्या पायांनी नाही का चालणार?

दुसरं सासूबाईंनी. हात लावलास तर गादी वाटेल इतकं जाडजूड आणि मऊ. त्या आयुष्यभर शाळेत शिवणकाम शिकवत होत्या, शिवण बघूनच त्या भुलल्या. मी ठकीला त्यात घालून कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत गेले आणि आले. बाहेर काढली तर लेक भिजलेल्या बोळ्यासारखी, लालबुंद, मानेखाली घामोळं. माझाही ब्लाउज पिळून निघाला असता. सासूबाई म्हणाल्या, पण शिवण बघ किती पक्की आहे. तिसरं नणंदेचं. तो एक लांबच लांब कापडाचा पट्टा, मारुतीच्या शेपटासारखा न संपणारा. तो खांद्यावरून पाठीवर, पाठीवरून पोटावर, आणि मग गाठ. ती बांधते तेव्हा फार सुंदर दिसतं. मी बांधलं की एक टोक जमिनीवर लोळतं, आणि बांधून होईपर्यंत ठकी झोपून उठलेलीही असते. एक ना धड भाराभर चिंध्या म्हणतात ना, त्या आमच्या खुंटीवर शब्दशः लटकत होत्या.

आणि यांची पारख करायची तऱ्हा ऐक. प्रत्येक कॅरिअरमध्ये नवरा आधी कलिंगड घालायचा. वजन ठकीएवढंच, म्हणे. कलिंगड छातीशी बांधून तो जिना वर-खाली करायचा आणि एकदम आरामशीर आहे असं जाहीर करायचा. शेजारच्या आजी दारात उभ्या राहून बघायच्या. मी सांगून थकले की कलिंगडाला घाम येत नाही, कलिंगड पाय झाडत नाही, कलिंगडाला भूक लागली की ते शर्टाची बटणं चोखत नाही. इंजिनिअर माणूस, मोजता येतं तेवढंच त्याला खरं वाटतं. शेवटी मी एकटी ठकीला घेऊन दुकानात गेले, तिलाच आत घालून दुकानात येरझाऱ्या घातल्या, आणि ती ज्यात न कुरकुरता झोपली ते घेऊन घरी आले. पातळ सुती कापड, पाठीला जाळी, त्यातून वारा जातो. गुडघे बेडकासारखे वर राहतात, त्यामुळे कमरेवर ताण येत नाही. तोंड उघडं राहतं, मान खाली केली की तिच्या टाळूची पापी घेता येते. काखेत कळसा आणि गावाला वळसा अशी सगळी गत.

पण ते एकच, आणि घालणारे तीन. नवरा ताडमाड, मी ही एवढीशी, सासूबाई रुंद. एकाने घातलं की पट्टे ओढायचे, दुसऱ्याने घातलं की सैल करायचे, आणि मधल्या वेळात बाळ रडणार. एकदा नवऱ्याने माझ्याच मापावर घाईने घातलं आणि ठकी त्याच्या गळ्याशी अशी अडकली की दोघांनाही श्वास घेता येईना. मग सासूबाईंनी सुईदोरा काढला. प्रत्येकाचा पट्टा जिथवर ओढायचा तिथे रंगीत दोऱ्याचा एकेक टाका घातला. लाल माझा, निळा नवऱ्याचा, पिवळा त्यांचा. आता ज्याने त्याने आपल्या रंगापर्यंत ओढायचं आणि चालू पडायचं. इतकी साधी गोष्ट, पण आधी कुणाला सुचली असती तर माझे निम्मे केस वाचले असते.

झालं कॅरिअरपुराण. आता तुझ्याकडे वळते.

तू आलास की हात पाठीमागे बांधून पाळण्याभोवती फिरतोस, शाळा तपासायला आलेल्या साहेबासारखा. ठकीला तुझ्याकडे दिली की तुझी कारणं तयार. कधी सर्दी, कधी कपडे धुळीचे, कधी हात गार आहेत. परवा तर म्हणालास, हाताला टर्पेंटाइनचा वास येतो. बाबा, तू ब्रश धरून किती काळ लोटला? मला वाटायचं, मुलगा हवा होता की काय याला. खरंच वाटायचं, आणि मी आतल्या आत धुमसायचे. तुझ्यासारख्या माणसाबद्दल असलं मनात यावं याचंही वाईट वाटायचं. आईला विचारलं तर ती विषय बदलून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघते. तुम्ही दोघं एका पंगतीतले.

मग ते भिंतीचं प्रकरण. ठकी व्हायच्या आधी तूच म्हणाला होतास की तिच्या खोलीत पाळण्यामागे पक्ष्यांची रांग काढीन. डबे घेऊन आलास, जुना कामाचा शर्ट चढवलास, आम्हाला बाहेर घालवून दार लावून घेतलंस. आणि थोड्या वेळाने दार उघडून म्हणालास, भिंतीला ओल आहे, रंग धरणार नाही. बाबा, थाप मारायची तर माणूस तरी बघून मारावी. तुझा जावई पोटासाठी करतो काय? लोकांच्या इमारतींतली ओल शोधतो. तू गेलास आणि त्याने आपलं यंत्र काढलं. ती भिंत तपासली, बाजूच्या भिंती तपासल्या, छत तपासलं, शेजाऱ्यांचं दार वाजवून त्यांच्या बाजूनेही तपासलं. शेजारी घाबरले, त्यांना वाटलं इमारत पडतेय. अख्ख्या घरात ओलीचा टिपूस नाही. तो बिचारा आजही कोड्यात आहे की सासऱ्यांना दिसलेली ओल आपल्या यंत्राला कशी दिसली नाही.

मला कळलं ते नंतर. पाळण्याखाली लोळत गेलेला खुळखुळा काढायला मी वाकले आणि खाली, अगदी जमिनीलगत, एक निळी रेघ दिसली. पुसलेली, पण पुरती न गेलेली. सरळ निघालेली आणि मग लहान मुलाने काढल्यासारखी वेडीवाकडी होत गेलेली. मी तिथेच फरशीवर बसले. अख्ख्या बाजारातल्या पाट्या ज्या हाताने फुटपट्टी न लावता रंगवल्या, त्या हाताची ती रेघ होती. मग एकेक गोष्ट आठवायला लागली. आई तुला चहा अर्धाच कप देते. तू तो दोन्ही हातांनी धरतोस. आता सगळे बोर्ड छापीलच लागतात, पेंटरला कोण विचारतो, असं म्हणून तू दुकान बंद केलंस आणि आम्ही माना डोलावल्या. जेवताना हल्ली तुला आमटी नकोच असते. मला रडू आलं आणि तितकाच रागही आला. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, आणि तेही कुणापासून, माझ्यापासून. तिला घेतलं आणि हातातून सुटली तर, हेच ना तुझ्या मनात? मुलगी तुला नको म्हणून नाही, हवी म्हणूनच तू लांब उभा राहतोस. हे एका वाक्यात सांगायला काय झालं होतं?

डॉक्टरांकडे आपण जायचंच आहे, त्यावर वाद नको. तारीख नणंद घेणार आहे. तिला मी फक्त रेघेचं सांगितलं, तर ती म्हणाली, मी कधीच ओळखलं होतं, तुझ्या बाबांना संकोच वाटू नये म्हणून बोलले नाही. म्हणजे मलाच तेवढं कळायचं राहिलं होतं. पण तिने आणखी एक गोष्ट सांगितली. तू चालताना ती नीट बघते, जिना उतरताना तर खास. म्हणाली, हात थरथरतात, पण पाय आणि तोल अजून माझ्या भावापेक्षा बरे आहेत. ते ऐकून नवऱ्याचा चेहरा पडला, तो वेगळा विषय.

तुला आठवतं का, मी लहान असताना आई कामाला जायची तेव्हा तू मला जुन्या चादरीने पाठीला बांधायचास आणि बोर्ड रंगवत बसायचास? आई चिडायची, पोरगी पडेल म्हणून. मला बाकी काही आठवत नाही, पण तुझ्या शर्टाचा तो रंगाचा आणि घामाचा वास आठवतो, आणि तू अक्षर काढताना श्वास धरायचास तो पाठीतून कळायचा, आणि तू श्वास सोडलास की मीही सोडायचे. माझ्या जावळात सुकलेला लाल रंग आईने किती दिवस खरवडला म्हणतात. मला कधीही तू हाताने धरून ठेवलं नाहीस, बाबा. तुझे हात कामात असायचे. मी तुझ्या पाठीवर वाढले आणि पडले नाही.

आता हे पत्र कशासाठी ते सांगते. तो कामाचा शर्ट तू त्या दिवशी आमच्या खुंटीवर विसरून गेलास. परवा मी तो सासूबाईंना दिला आणि त्यांनी एक शब्द न विचारता त्याच्या खांद्यांचं आणि छातीचं माप घेतलं. कॅरिअरच्या पट्ट्यावर आता चौथा टाका आहे, हिरवा. तो तुझा. रविवारी आम्ही सगळे तळ्यावर जाणार आहोत आणि ठकी तुझ्या छातीशी असणार आहे. मी शेजारून चालेन, नवरा दुसऱ्या बाजूने, आणि सासूबाई पुढे जाऊन वाटेतले दगड बाजूला करतील, त्यांना तेवढंच निमित्त. हात खिशात घाल, मागे बांध, नाहीतर थरथरू दे, तुझी मर्जी. ती निळी रेघ मी पुसू दिलेली नाही, आणि भिंत कोरडी आहे हे जावयाने लेखी द्यायची तयारी दाखवली आहे. पण ते पुढचं. रविवारी तू फक्त ये. पट्टे मी ओढेन, क्लिपा मी लावेन. तू नुसता ताठ उभा राहा.

तुझी, आणि अजून तुझ्याच पाठीवर असलेली,
भिंगरी